खांद्याला न जाणवणारा कॅमेरा

भोपाळची इंद्रपुरी भेलच्या वसाहतीला लागून, रायसेन रस्त्यावर आहे. कॅमेऱ्याची हौस असलेल्या माणसाला राहायला याहून सोयीची जागा मध्य भारतात क्वचितच सापडेल. याच रस्त्याने सरळ पुढे गेलं की रायसेनचा डोंगरी किल्ला येतो आणि तिथून सांचीही गाठता येते. दक्षिणेला ओबेदुल्लागंजच्या पुढे भीमबेटका आहे, शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर. शहरातच जुन्या चौकातल्या गल्ल्या, ताज-उल-मसाजिद, मोठा तलाव आणि चार्ल्स कोरिया यांनी उभं केलेलं भारत भवन आहे. या सगळ्या जागा पायी फिरायच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच चढाच्या. म्हणून इथल्या हौशी माणसाने कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलच्या आधी ग्रॅम मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

छायाचित्रणात वजनाचा प्रश्न जुनाच आहे. १८६२ मध्ये जेम्स वॉटरहाउस याने भोपाळात सिकंदर बेगम आणि त्यांच्या दरबारातल्या माणसांची छायाचित्रं घेतली. तेव्हाची ओली काचेची प्लेट जागेवरच तयार करून, ओली असतानाच छायाचित्र घेऊन लगेच धुवावी लागे. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या असा लवाजमा चाले. पुढे १८८० च्या दशकात लाला दीनदयाळ यांनी ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंची छायाचित्रं घेतली. ती १८८६ च्या प्रसिद्ध ग्रंथात आली. त्यांचाही कॅमेरा मोठा आणि प्लेटा काचेच्याच. आजही ती चित्रं पाहताना त्यांतला तपशील थक्क करतो. पण असा कॅमेरा गर्दीत हातात धरून चालणं शक्य नव्हतं.

तो हातात आला जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या ऑस्कर बार्नाकमुळे. बार्नाकला दम्याचा त्रास होता. डोंगरात फिरताना जड प्लेट कॅमेरा त्याला झेपत नसे. म्हणून त्याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणारं छोटं यंत्र बनवलं. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास त्याचा नमुना तयार होता आणि १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. १९३२ मध्ये लायका २ आणि त्साइसचा कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला. या घराण्याचा जन्मच वजन कमी करण्यासाठी झाला, हे आज पाठीवरच्या भल्यामोठ्या बॅगा पाहताना विसरायला होतं.

रेंजफाइंडर काम कसं करतो, हे एकदा नीट समजलं की कॅमेरा आणि लेन्सची निवड अर्धी सोपी होते. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून आपण समोरचं दृश्य पाहतो. काही सेंटिमीटर दूर असलेल्या छोट्या खिडकीतून त्याच दृश्याचा एक तुकडा आत येतो आणि मोठ्या दृश्याच्या मधोमध उजळ चौकोनात दिसतो. दोन खिडक्यांमधून पाहण्याचा कोन वेगळा असल्यामुळे त्या चौकोनात वस्तू दुहेरी दिसते. लेन्सची कडी फिरवली की लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्यातली एक छोटी चकती ढकलतो, चकती आतला आरसा किंवा प्रिझम हलवते आणि दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. जमीन मोजणारा सर्वेक्षक पायाच्या रेषेवरून दूरच्या झाडाचं अंतर काढतो, तीच भूमिती इथे तळहाताएवढ्या जागेत चालते.

यातून दोन गोष्टी निघतात. आपण लेन्समधून पाहतच नसल्यामुळे कॅमेऱ्यात उडणारा आरसा लागत नाही. त्यामुळे शरीर सपाट राहतं, आवाज कमी होतो, आणि लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येत असल्याने रुंद कोनाच्या लेन्स लहान बनतात. आरशाचा धक्का नसल्याने सेकंदाच्या पंधराव्या भागाइतक्या संथ शटरवरही, हात स्थिर असेल तर, चित्र बरेचदा स्वच्छ येतं. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते, तेव्हा भीमबेटकाच्या सावलीतल्या भिंतींसमोर हा गुण फार मोलाचा ठरतो. दुसरी बाजू अशी की खिडकीतलं दृश्य लेन्सप्रमाणे बदलत नाही. त्यावर फक्त लेन्सनुसार चौकटीची उजळ रेघ येते, तिला फ्रेमलाइन म्हणतात. लेन्स जितकी लांब, तितकी चौकट लहान. २८ मिलिमीटरच्या चौकटीशी तुलना केली तर ९० ची चौकट क्षेत्रफळाने जेमतेम दहावा हिस्सा असते. फार जवळची वस्तूही घेता येत नाही, कारण बहुतेक लेन्स ०.७ ते १ मीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत. फुलपाखरं आणि पक्षी यांच्यासाठी हा कॅमेरा नाही. ज्यांचा जीव वन विहारच्या काठावरच्या पाखरांत आहे, त्यांनी खुशाल दुसरा मार्ग धरावा.

आता खरी निवड. दुकानात पाऊल टाकणारा माणूस आधी कॅमेऱ्याच्या नावावर भाळतो आणि लेन्सचा विचार नंतर करतो. माझा आग्रह उलट आहे. आधी दोन लेन्स ठरवा, त्या दोन्ही जो कॅमेरा नीट पेलेल तोच घ्या.

लेन्सचा मिलिमीटरचा आकडा जमिनीवरच्या रुंदीत बदलून पाहिला की गोंधळ संपतो. पूर्ण ३५ मिलिमीटर चौकटीत, तीन मीटरवर उभ्या दृश्याची रुंदी २८ च्या लेन्समध्ये साधारण ३.९ मीटर येते, ३५ मध्ये ३.१, ५० मध्ये २.२ आणि ९० मध्ये १.२ मीटर. हे आकडे भोपाळवर ठेवून पाहा. चौकातल्या अरुंद गल्लीत समोरच्या दुकानापासून आपण फार तर तीन मीटर मागे जाऊ शकतो. तिथे ३५ च्या लेन्समध्ये दुकानदार, त्याचा गल्ला आणि बाजूचं गिऱ्हाईक मावतं, ५० मध्ये गिऱ्हाईक निम्मं कापलं जातं. भीमबेटकाचंही तसंच. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर या माळव्यातल्या मराठी संशोधकाने १९५७ मध्ये या गुहा जगासमोर आणल्या आणि २००३ मध्ये त्या युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. तिथे चित्र भिंतीवर आहे आणि मागे हटायला जागा मर्यादित. ३५ तिथे चालते, २८ आणखी सोयीची.

सांचीचं गणित मात्र अगदी निराळं. मोठ्या स्तूपाच्या चार तोरणांवरचं कोरीवकाम डोक्याच्या बरंच वर आहे. दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे: हे काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. हस्तिदंतावर चालणारी छिन्नी दगडावर चालवली तर जो बारकावा येतो, तो तिथल्या प्रत्येक पट्टीत दिसतो. आणि तो ३५ च्या लेन्समध्ये हरवतो. सहा मीटरवरून ५० च्या लेन्समध्ये सव्वाचार मीटरहून रुंद तुकडा येतो, ९० मध्ये सुमारे २.४ मीटर. तोरणाच्या एका आडव्या पट्टीवरचा प्रसंग वेगळा काढून पाहायचा असेल तर ९० लागतेच. सांचीला जाऊन तोरणाचं फक्त एकसंध चित्र घेऊन परतणाऱ्यांबद्दल मला दरवेळी हळहळ वाटते, कारण दोन हजार वर्षं जपलेली ती माणसं, हत्ती, बोधिवृक्ष सगळे त्या चित्रात ठिपके होऊन जातात.

म्हणून या शहराच्या माणसाला माझा सल्ला ३५ आणि ९०, किंवा ४० आणि ९०. दोन लेन्समध्ये दुपटीच्या जवळपास किंवा त्याहून जास्त अंतर असावं, म्हणजे दुसरी लेन्स खिशात बाळगण्याचं सार्थक होतं. ३५ आणि ५० ही जोडी अनेकजण घेतात. दोन्ही लेन्स उत्तम असतात, पण दोन पावलं पुढे सरकून जे काम होतं त्यासाठी दुसरी लेन्स वाहण्यात अर्थ नाही. ज्यांना वास्तूंपेक्षा माणसांत रस आहे, घरचे समारंभ, गणेशोत्सव, मंडईतले चेहरे टिपायचे आहेत, त्यांच्यासाठी २८ आणि ५० ही जोडी चांगली. चष्मा लावणाऱ्यांनी मात्र २८ विकत घेण्याआधी कॅमेरा डोळ्याला लावून पाहावा. बऱ्याच रेंजफाइंडरमध्ये चष्म्यातून २८ च्या चौकटीच्या कडा एका नजरेत दिसत नाहीत, ३५ च्या दिसतात.

एकच लेन्स का नको, असंही कोणी विचारेल. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७ मध्ये भारतात आला, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना त्यांच्या अखेरच्या दिवशी भेटला आणि त्यांच्या हत्येनंतरची दिल्ली त्याने टिपली. त्याच्या कामाचा मोठा भाग ५० च्या एका लेन्सचा आहे. माणसांच्या मधोमध उभं राहण्याची त्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याला दुसरी लेन्स लागत नाही. पण तोरणाच्या वरच्या पट्टीजवळ कोणी चालत जाऊ शकत नाही.

वजन कुठे वाढतं, तेही पाहू. बहुतेकांना वाटतं कॅमेऱ्यात. प्रत्यक्षात ते लेन्सच्या छिद्राच्या हव्यासात वाढतं. एफ/१.४ च्या लेन्सला मोठी काच लागते, एफ/२.५ किंवा एफ/४ ला छोटी पुरते. व्हॉइग्टलेंडरच्या ३५ मिलिमीटर एफ/२.५ कलर-स्कोपारचं वजन १३४ ग्रॅम आहे. लायकाची ३५ एफ/२ काळ्या रंगात सुमारे २५५ ग्रॅम भरते. दोन्हीतला फरक संध्याकाळी तलावाच्या काठी थोडासा जाणवेल, भर दिवसा बिलकूल नाही. मध्य प्रदेशात वर्षाचे बरेच महिने ऊन इतकं प्रखर असतं की एफ/८ वर राहणंच सोपं. ३५ ची लेन्स एफ/८ वर ठेवून तीन मीटरवर फोकस केला तर अंदाजे १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. म्हणजे चौकात चालताना रेंजफाइंडरमध्ये पाहायचीही गरज उरत नाही, कडीवरचे आकडे लावून ठेवायचे आणि माणसांकडे लक्ष द्यायचं. हा आनंद आजच्या स्वयंचलित कॅमेऱ्यात हरवलेला आहे.

९० च्या लेन्सचं मात्र असं नाही. एफ/४ वर तीन मीटरवरचा फोकस जेमतेम सव्वा वीतभर पट्ट्यात असतो, २७ सेंटिमीटरच्या आसपास. इथे कॅमेऱ्याची पारख होते. दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरची वर्धनशक्ती, म्हणजे परिणामी पाया. हा पाया जितका मोठा, तितका फोकस अचूक. डोळ्याची साधारण क्षमता धरून ढोबळ हिशेब केला तर ५० एफ/२ ला साडेबारा मिलिमीटरचा पाया पुरतो, ९० एफ/४ ला वीस लागतो, ९० एफ/२.८ ला २९, आणि ९० एफ/२ ला चाळीस. १९८४ च्या लायका एम६ मध्ये पाया सुमारे ५० मिलिमीटर आहे, म्हणजे सगळं पेलतो. कोसिनाने व्हॉइग्टलेंडर नावाने काढलेल्या बेसा आर२ मध्ये तो २६ च्या आसपास, आर३ए मध्ये ३७. म्हणून बेसा आर२ वर ९० एफ/४ खुशाल लावावी, ९० एफ/२ चा मोह टाळावा.

याच गणिताने बनलेला, आणि मला या विषयात सर्वांत जवळचा वाटणारा संच म्हणजे १९७३ चा लायका सीएल. लायका आणि मिनोल्टा यांनी मिळून काढलेला हा कॅमेरा जपानमध्ये बनत असे. त्याच्यासाठी दोनच लेन्स ठरवल्या: ४० मिलिमीटर एफ/२ सुमिक्रॉन-सी आणि ९० मिलिमीटर एफ/४ एल्मार-सी. कॅमेरा सुमारे ३६५ ग्रॅम, ४० ची लेन्स १२५ च्या घरात, ९० ची २७० च्या. सगळं मिळून पाऊण किलोच्या जवळपास. त्याचा परिणामी पाया १८.९ मिलिमीटर, म्हणजे ९० एफ/४ च्या गरजेच्या अगदी कडेवर, आणि म्हणूनच ९० ची लेन्स एफ/४ वरच थांबवलेली. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी कागदावर बसून ठरवलं की हलका संच कुठपर्यंत न्यायचा आणि कुठे थांबायचं. त्या शहाणपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याचा पुढचा अवतार मिनोल्टा सीएलई, १९८० चा. त्यात छिद्र आपण ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवतो, चौकटी २८, ४० आणि ९० च्या, पायाही मोठा, सुमारे २९ मिलिमीटर. दुरुस्ती मात्र अवघड, कारण आत इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि त्याचे सुटे भाग आता बनत नाहीत.

तुलनेसाठी एकच आकडा. निकॉन डी८५० चं बॅटरीसह वजन १००५ ग्रॅम आणि त्याच्या २४-७० एफ/२.८ लेन्सचं १०७० ग्रॅम. दोन किलोहून जास्त, तेही ७० मिलिमीटरपर्यंतच.

खिसा लहान असेल तर सोव्हिएत कॅमेऱ्यांकडे पाहावं. खारकीवचा फेड १९३४ पासून बनू लागला, नंतर झोर्की आला. त्यांच्या ५० च्या ज्युपिटर-८ लेन्स आजही छान चित्र देतात. पण त्यांच्या खिडकीत ३५ किंवा ९० च्या चौकटी नसतात, वरून वेगळा फाइंडर बसवावा लागतो. झोर्की-४ मध्ये शटर चढवल्याशिवाय वेग बदलू नये, हे पक्कं लक्षात ठेवावं. या कॅमेऱ्यांच्या स्क्रूने बसणाऱ्या लेन्स एका पातळ कडीने लायकाच्या एम जोडणीवर बसतात, म्हणून त्यांत घातलेले पैसे पुढेही कामी येतात. फिल्मचा खर्च नको असेल तर डिजिटलमध्ये खरा रेंजफाइंडर मुख्यतः लायकाचाच, आणि त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. २०२२ चा एम११ काळ्या ॲल्युमिनियममध्ये ५३० ग्रॅम आहे. फुजीचा एक्स-ई४, २३ एफ/२ आणि ५० एफ/२ या लेन्ससह, साधारण ७४५ ग्रॅममध्ये ३५ आणि ७५ चं काम करतो. तो दिसायला रेंजफाइंडरसारखा, पण आत तसली यंत्रणा नाही, पडद्यावर पाहायचं असतं. चित्रांच्या दृष्टीने त्यात काही कमी नाही. कडी फिरवून दोन प्रतिमा जुळवण्याची मजा ज्याला हवी, त्याला मात्र तो पुरणार नाही.

भोपाळच्या हवेत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रेंजफाइंडरमध्ये फिल्मपुढे आरसा नसतो, थेट शटरचा पडदा असतो आणि जुन्या लायकांत, सीएलमध्ये, सीएलईमध्ये तो रबर चढवलेल्या कापडाचा. लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली तर भिंगाने कागद जळावा तसं त्या पडद्याला छिद्र पडतं, आणि मग प्रत्येक चित्रावर पांढरा ठिपका येतो. मे महिन्यात कॅमेरा गळ्यात असताना लेन्सवर टोपण ठेवा, किंवा निदान छिद्र एफ/१६ वर आणि फोकस जवळच्या अंतरावर करून ठेवा. टोपण असलं की तेही लक्षात ठेवावं लागतं, कारण खिडकीतून ते दिसत नाही. बेसाचा पडदा धातूचा असल्याने ही काळजी कमी. स्कूटरच्या डिक्कीत कॅमेरा दुपारभर ठेवू नका. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या केसमध्ये न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, आणि सिलिकाने रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करावं.

वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल तर मुंबईचा बोरा बाजार आणि दिल्लीतल्या चांदणी चौकाजवळचा कुचा चौधरी बाजार, दोन्ही भोपाळहून रेल्वेने थेट गाठता येतात. विजेरी घेऊन जा. लेन्समध्ये मागून उजेड टाकला की बुरशीचे धागे आणि धुरकट काच दिसते. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून पडद्यावर समोरून विजेरी मारा, अंधारात ठिपके चमकले तर पडदा जळलेला आहे. एक सेकंदाचं शटर कानाने ऐका, अर्धवट थांबत असेल तर सोडून द्या. मग बाहेर येऊन किलोमीटरभर दूर असलेल्या मोबाइल टॉवरवर लेन्स अनंतावर लावा. दोन्ही प्रतिमा बरोबर एकमेकींवर बसायला हव्यात, आडव्याही आणि उभ्याही. डावी-उजवी चूक दुरुस्त होते, पण तो खर्च किमतीतून कमी करायला सांगा. सीएल घेत असाल तर त्याचा प्रकाश मोजणारा मीटर बंद असण्याची शक्यता धरूनच भाव करा, कारण तो जुन्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत असे आणि तसल्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. मीटर नसलेल्या कॅमेऱ्यावरही उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या वेगाएवढं शटर, एवढ्यावर उत्तम काम होतं.

एक तांत्रिक टीप. सीएलची ४० ची लेन्स मोठ्या लायकावर लावली तर खिडकीत ५० ची चौकट येते, ४० ची येत नाही. म्हणून सीएलची जोडी सीएल किंवा सीएलईवरच घ्यावी, आणि बेसा आर२ किंवा एम६ असेल तर ३५ निवडावी.

माझा निर्णय असा आहे. फिल्मची गोडी असेल आणि सुस्थितीतला नमुना हाती लागला, तर सीएल, ४० आणि ९०. तो मिळाला नाही तर बेसा आर२, ३५ एफ/२.५ आणि ९० एफ/४, एकूण सव्वाआठशे ते साडेआठशे ग्रॅम. आणि फिल्म नकोच असेल तर फुजीची जोडी. यातलं काहीही घ्या, पण ९० ला पर्याय म्हणून झूम लेन्स घेऊ नका, आणि पहिल्या थंडीत सांचीला जाताना लांबची लेन्स घरी विसरू नका.